तेविसातली तीन

"दिसलं?"

मी अजून बुटांच्या नाड्याही सोडल्या नव्हत्या. आजरेकर सर चुलीपाशी गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते आणि दिवसभर त्यांनी बहुधा हा एकच प्रश्न तोंडात घोळवत ठेवला होता.

"नाही सर."

"पान तरी?"

"पानही नाही."

"उताराच्या वरच्या अंगाला पाहिलंस? एक दगड आहे बघ, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्या खालच्या बाजूला."

"पाहिलं. म्हैस पाहिली, म्हशीच्या खाली पाहिलं, मागे पाहिलं. गवत आहे, पिवळी रानफुलं आहेत, याकचं शेण आहे. पादुका नाही."

एरवी असल्या उत्तरावर सर खो खो हसले असते. त्या दिवशी ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या, परत लावला आणि म्हणाले, "उद्या परत बघ."

ही १९८८ च्या जूनमधली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते, कोल्हापूरला आजरेकर सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते, आणि आपल्याला बरंच काही कळतं अशी माझी ठाम समजूत होती. सर चौसष्ट वर्षांचे. आम्ही दोघं उत्तर सिक्कीममधल्या नऊ घरांच्या एका वस्तीत उतरलो होतो, साडेअकरा हजार फुटांवर. वस्तीचं नाव मी लिहीत नाही. पुढे वाचलंत की का ते कळेल.

पादुका हे सरांनी ठेवलेलं नाव. आमरी, म्हणजे ऑर्किड, आपल्याकडे सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर लोंबताना दिसते. ही मात्र जमिनीवरची. बारा-तेरा हजार फुटांवर, वर्षातला अर्धा काळ बर्फाखाली निजणारी, उकाडा अजिबात न सोसणारी. तिच्या फुलाची एक पाकळी फुगून पुढे येते आणि तिची बिनटाचेची चप्पल होते. इंग्रजीत तिला कुठल्याशा बाईची सपाता म्हणतात. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आमच्या सरांना तिच्यात पादुका दिसल्या, यात नवल नाही. आमच्या विभागाच्या कपाटात तिचे वाळवलेले नमुने होते, १९६९ सालचे, खाली सरांचं मोत्यासारखं अक्षर. मी तेवढेच पाहिले होते. तंबाखूच्या पानासारखे तपकिरी. जिवंतपणी तिचा रंग कसा असतो हे आमच्या अख्ख्या विभागात एकट्या सरांना ठाऊक होतं.

आणि सरांना ती पुन्हा एकदा पाहायची होती. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा एकच ध्यास घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, हातात मेतकुटाचा डबा दिला आणि डबा न सोडताच म्हणाल्या, "वृषाली, त्यांचं काळीज आता पहिल्यासारखं नाही. डॉक्टर जाऊच नका म्हणत होते. वस्तीपर्यंत गेले ते गेले, त्याच्यावर एक पाऊल टाकू द्यायचं नाही. अंबाबाईची शपथ घे." मी शपथ घेतली. सरांनीही मान्य केलं होतं. ते खाली थांबणार, मी वर जाऊन बघणार, आणि येऊन सांगणार.

सरांची स्वतःचीही एक अट होती. खुरपी न्यायची नाही. नमुना घ्यायचा नाही. नुसतं बघायचं.

आमच्या धंद्यात खुरपी न घेता रानात जाणं म्हणजे न्हाव्याने वस्तरा घरी ठेवून दुकान उघडणं. शिवाय माझा प्रबंध होता आमरीच्या मुळांवर. तिच्या मुळांत एक बुरशी राहते, त्या बुरशीवाचून तिचं बी रुजतच नाही, आणि या जातीच्या ताज्या मुळांवर आपल्याकडे कुणी काम केलेलं मला तरी माहीत नव्हतं. एक ताजं मूळ मिळालं असतं तर माझं सोनं झालं असतं. सरांचं वय झालंय, मन हळवं झालंय, असं मी स्वतःला समजावलं आणि खुरपी लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी घातली.

आमचा मुक्काम छेवांग नावाच्या एका म्हाताऱ्या याकवाल्याकडे होता. सत्तरीचा, बुटका, मानेचे स्नायू दोरखंडासारखे. बोलणं जवळपास नाहीच. पहिल्या दिवशी त्याने माझी सॅक उचलून आत आणली, खाली ठेवण्याआधी क्षणभर हातातच तोलली, आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला ओझ्याचा अंदाज घ्यायची सवय असेल. बोलायचं काम त्याची मुलगी पेमा करायची. तिशीची, गालांवर थंडीने चिरा पडलेल्या, चालायला लागली की मला धाप लागेस्तोवर न थांबणारी. तिचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. रोज सकाळी तीच मला वर घेऊन जायची.

तीन दिवस आम्ही तो उतार विंचरून काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी गारांचा असा मारा सुरू झाला की आम्ही पळतच खाली आलो. घरात शिरले तेव्हा छेवांग चुलीवर लोणी-मिठाचा चहा घोटत होता आणि सर नेहमीच्या जागी होते. या खेपेस त्यांनी काही विचारलं नाही.

"उद्या जाऊ नकोस," ते म्हणाले.

"का हो सर? अजून दोन दिवस आहेत आपल्याकडे. परवाना रविवारपर्यंतचा आहे."

"नाहीत त्या तिथे. का नाहीत ते मला माहीत आहे."

मी ओल्या बाह्या पिळत होते, ती थांबले.

"मीच नेल्या," सर म्हणाले. "सगळ्या."

छेवांगला आणि पेमालाही कळावं म्हणून असेल, ते मराठीतून हिंदीत आले. त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं होतं. चुलीकडे बघतच त्यांनी सगळं सांगितलं.

"एकोणसत्तर साली मी मोठ्या मोहिमेबरोबर इथे आलो होतो. त्या दगडाखाली तेवीस रोपं होती. एकाच घोळक्यात, सगळी फुललेली. मी गुडघ्यांवर बसलो आणि तेवीसच्या तेवीस मुळासकट काढली."

"सगळी कशाला, सर?"

"पद्धत होती. आपल्याला एक ठेवायचा, एक पुण्याला, एक कलकत्त्याला, उरलेले परदेशच्या संस्थांना. आपण जितके पाठवू तितके ते आपल्याला पाठवणार. नमुन्यांची देवाणघेवाण. जास्त नमुने आणणारा तो हुशार. आणि मला वाटलं, पुढच्या वळणावर असतीलच की अजून. पुढच्या वळणावर काही नव्हतं, पोरी. त्याच्या पुढच्याही नव्हतं. नंतर चार मोहिमा गेल्या, कुणाला या खोऱ्यात एक रोप दिसलं नाही."

"पण जिवंतही आणली होती ना तुम्ही?"

"बारा दाबून वाळवली, आठ जिवंत कोल्हापूरला नेली. एप्रिल-मे महिना आला. मी रोज सायकलवरून बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून कुंड्यांभोवती रचायचो. तुझ्या काकू म्हणायच्या, माणसांना पाणी थंड मिळत नाही आणि झाडांना बर्फ. पंधरा दिवसांत सगळी कुजली."

मी आपली बोटांवर मोजत होते. सवयच तशी. "बारा आणि आठ वीस होतात, सर."

"तीन हमालाने हरवली." सरांचा आवाज खाली गेला. "संध्याकाळी नदीकाठी तंबू ठोकल्यावर मी टोपली मोजली तर वीसच. वाटेत पडली म्हणाला. मी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, वाटेल ते बोललो. कॅम्पच्या अधिकाऱ्याला सांगितलं, हा माणूस बेभरवशाचा आहे, याला पुन्हा कुठल्या मोहिमेवर घेऊ नका. त्यांनी तसं लिहून ठेवलं. वीस रोपं मी मारली आणि तिनांसाठी त्या माणसाच्या पोटावर पाय दिला. चेहरासुद्धा आठवत नाही त्याचा. चार दिवस माझ्यापुढे चालत होता, मी त्याची पाठच तेवढी पाहिली."

चुलीवर घोटणीचा आवाज येत होता तो थांबला. पेमा बापाकडे वळून त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. म्हाताऱ्याने तिला हाताने गप्प केलं. मग तीन दिवसांत पहिल्यांदा तो थेट सरांशी बोलला.

"मग आता काय न्यायला आलात, साहेब?"

"काही नाही." सर त्याच्याकडे वळले. "एखादं बी मातीत राहिलं असेल, तर ते रुजून फुलायला दहा-बारा वर्षं लागतात. मी एकोणीस थांबलो. परत आलंय का, एवढंच बघायचं होतं. तेही नशिबात नाही."

 छेवांगने सरांच्या वाटीत चहा ओतला आणि बाहेर याक बांधायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेमा दारात उभी. "चल दिदी. आज दुसरी वाट."

रोज आम्ही वस्तीच्या डावीकडून चढायचो. त्या दिवशी तिने मला ओढ्यावरच्या लाकडाच्या ओंडक्यावरून पलीकडे नेलं. मी जीव मुठीत धरून तो ओंडका ओलांडला. पुढे ऱ्होडोडेंड्रॉनची वाकडीतिकडी झाडी, फुलं गळून वाटेवर लाल चिखल झालेला. दोन तास चढलो. धुकं असं दाट की पेमाची पाठ दिसेनाशी झाली की मी घाबरून हाक मारायची. झाडी संपली, आणि समोर अचानक एक दगडी भिंत आली. छातीएवढी, बिनचुन्याची, नीट रचलेली. एवढ्या उंचीवर, जिथे चिटपाखरू नाही तिथे भिंत कुणी आणि कशासाठी घातली असेल, मला कळेना. एका जागी फटीत काटेरी झुडपं कोंबली होती. पेमाने ती बाजूला केली आणि म्हणाली, "पाय जपून टाक."

मी खाली पाहिलं.

माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर ती होती. टीचभर उंच देठ, खाली दोन-तीन रुंद पानं, आणि वर ते फूल. वाळलेल्या कागदावरच्या त्या तपकिरी चिंध्या आणि हे फूल एकच आहे, हे माझं मन मानायलाच तयार होईना. हिरवट पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर डाळिंबी रंगाच्या शिरा, कुणी बारीक कुंचल्याने एकेक ओढल्यासारख्या. पुढे आलेली ती पादुका आतून गडद, तिच्या काठावर दवाचे थेंब. मी गुडघे टेकले तेव्हा मधाचा वास आला. त्या गारठ्यात, जिथे माझं नाक सकाळपासून बधिर होतं, तिथे मधाचा वास! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आणि तरी माझा हात सॅकमध्ये गेला.

खोटं कशाला सांगू? हात थरथरलाही नाही. शिकवलेलंच तसं होतं. आधी खुणेची काडी रोवायची, मग देठापासून चार बोटं सोडून खुरपी तिरकी घालायची, मूळ दुखवायचं नाही. धुक्यात मला आजूबाजूला तीन-चारच फुलं दिसत होती. एक घेतलं तर काय बिघडतंय, सरांनाही दाखवता येईल, त्यांच्यासाठीच घेतेय, असं मी मनाशी म्हणाले आणि खुरपीचं पातं काळ्या ओल्या मातीत दाबलं.

"आपा म्हणाले होते," पेमा म्हणाली.

आपा म्हणजे तिचे वडील. ती भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हणाले होते?"

"पहिल्याच दिवशी. तुझी पिशवी आत आणली तेव्हा. म्हणाले, हिच्या पिशवीत लोखंड आहे, हिला इकडे आणू नको. काल म्हातारे साहेब बोलले, तेव्हा आपांचं मन वळलं. तरी मला विचारलं, ही मुलगी खणेल का? मी सांगितलं, नाही खणणार. माझ्या भरवशावर सोडलंय त्यांनी तुला."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती मला नुसतं सांगत होती.

तेवढ्यात त्या फुलाच्या पादुकेत काहीतरी हललं. आत एक भुंगा होता. जाडा, केसाळ, थंडीने जड झालेला. ज्या वाटेने आत गेला होता त्या वाटेने त्याला वर चढता येत नव्हतं, घसरून पडत होता. पादुकेच्या मागच्या बाजूला एक अरुंद वाट असते, तिथे पाकळी पातळ होते आणि उजेड आत येतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत आकृती काढून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. तो भुंगा उजेडाकडे सरकला, अडकला, अंग चोरून पुढे रेटला, आणि पाठीवर पिवळा पराग माखून त्या फटीतून बाहेर पडला. क्षणभर काठावर बसला, पंख झटकले, आणि उडून शेजारच्या फुलात, पुन्हा तशाच पादुकेत, उतरला. आत त्याच्यासाठी मधाचा थेंबही नसतो. नुसता वास. तरी जातो. लाखो वर्षं चाललंय हे, आणि ते माझ्या नाकासमोर, माझ्या खुरपीच्या पात्यापाशी चाललं होतं. 

मी खुरपी मातीतून काढली. माती परत दाबली, बोटांनी, नीट. लाजेने माझे कान तापले होते.

"ही भिंत कुणी घातली, पेमा?"

"आपांनी. याक आत येऊ नयेत म्हणून. दर वर्षी बर्फाने थोडी पडते. उन्हाळा आला की परत रचायची. मी अकरा-बारा वर्षांची असल्यापासून दगड देतेय."

मी मनातल्या मनात हिशेब केला. "तो हमाल..."

"हं." तिने मान हलवली. "वाटेत पडली नव्हती. साहेब मागे राहिले तेव्हा आपांनी टोपलीतून तीन काढली. रात्री कॅम्पवरून परत चढून आले आणि इथे लावली. आमच्या घरातली रीत आहे. डोंगरातून काही खणून घेतलं की तीन मागे ठेवायची. एक मातीचं, एक डोंगराचं, एक मागून येणाऱ्याचं. साहेबांनी ठेवली नाहीत, म्हणून आपांनी ठेवली."

"मग आमच्या सरांना ओळखलं त्यांनी?"

"तुम्ही आलात त्याच संध्याकाळी. पण तू साहेबांना सांगू नको. ते आपा सांगतील."

वारा सुटला आणि धुकं वर उचललं जाऊ लागलं. आधी चार फुलं होती, तिथे दहा झाली. मग वीस. मग धुक्याचा अख्खा पडदा उताराच्या अंगाने वर सरकत गेला, आणि तो सरकेल तसतशी मागून फुलं, फुलं, फुलं. दगडांच्या आडोशाला झुबक्यांनी, उघड्यावर एकटीदुकटी, पार वर जिथे शेवटचं बर्फ अजून चिकटून होतं तिथपर्यंत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, दरीकडे. तीन रोपांची ही एवढी झाली होती. मी कुणापुढेही सहसा वाकत नाही, देवळातही घाईतच असते. त्या दिवशी मी ओल्या गवतात डोकं टेकवलं.

खाली पोहोचले तेव्हा सर सामानाची बांधाबांध करत होते.

"आहेत," मी म्हणाले.

त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. "किती?"

"मोजल्या नाहीत सर."

"मोजल्या नाहीस?" इतकी वर्षं ज्यांनी मला पाकळ्या मोजायला शिकवलं, ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी घेतली आणि दाराकडे निघाले, जणू कोपऱ्यावरून भाजी आणायला निघाले होते.

"सर! कुठे निघालात? काकूंना मी शब्द दिलाय. दीड हजार फूट चढ आहे. तुमचं काळीज..."

"काळजाचं मी बघतो."

"मी फोटो काढून आणते. पुन्हा जाते."

"एकोणीस वर्षं फोटोसाठी थांबलो होतो का गं मी?" ते ओरडले, आणि ओरडल्यामुळेच त्यांना धाप लागली. दाराची चौकट धरून उभे राहिले. मला रडू यायला लागलं. पाठवावं तर काकूंना काय तोंड दाखवू, न पाठवावं तर हा माणूस इथून काय घेऊन जाईल?

छेवांग बाहेरून आला. त्याच्या हातात बांबूची मोठी टोपली होती, एका बाजूने कापलेली, आत फळी बसवलेली. म्हातारी आणि आजारी माणसं ते तशीच खालच्या दवाखान्यात नेतात, कपाळाला पट्टा लावून, पाठीवर.

"साहेब चालणार नाहीत," तो मला म्हणाला. "उद्या सकाळी. आभाळ उघडं असेल."

सरांनी खूप आढेवेढे घेतले. माणसाने माणसाच्या पाठीवर बसायचं म्हणजे काय, लाज वाटते, वगैरे. छेवांगने ते सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना टोपलीत बसवलं. सरांचं वजन तेव्हा जेमतेम पंचेचाळीस किलो असेल. बरीचशी चढण पेमाने वाहिली. दर शंभर पावलांना थांबून मी सरांची नाडी बघत होते, आणि अंबाबाईची माफी मागत होते. झाडी संपल्यावर म्हाताऱ्याने पट्टा मुलीच्या कपाळावरून काढून आपल्या कपाळाला लावला. पेमा काही बोलायला गेली तर तिच्यावर खेकसला. शेवटचा टप्पा त्याने एकट्याने चढला. भिंतीच्या आत जाऊन टोपली एका सपाट दगडावर टेकवली, आणि बाजूला झाला.

सर काठीवर भार देऊन उठले आणि वळले.

आभाळ खरंच उघडं होतं. मागे बर्फाचं शिखर, आणि खाली ते सगळं. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ओठ हलायला लागले. मोजत होते. एका हाताचं बोट पुढे करून, आमच्या प्रयोगशाळेत मोजायचे तसे. चाळिसाच्या आसपास कुठेतरी बोट खाली आलं.

"एवढ्या कशा आल्या?" ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. "एवढ्या कुठून आल्या?"

"तीन होत्या, साहेब," छेवांग म्हणाला.

सर त्याच्याकडे वळले. या वेळी त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. मी दोघांपासून चार हातांवर उभी होते, आणि सरांना कळलं तो क्षण मी पाहिला. त्यांचं तोंड उघडं राहिलं. 

"तुम्ही?"

"हो, साहेब."

"मी तुम्हाला चोर म्हणालो."

"हो."

"सगळ्यांदेखत. तुमचं काम घालवलं. एक शब्द तरी बोलायचा होता. का नाही सांगितलंत तेव्हा?"

"सांगितलं असतं," म्हातारा म्हणाला, "तर तुम्ही परत येऊन ही पण नेली असती."

वारा वाहत होता. सगळी फुलं एकदम वाकली आणि सरळ झाली.  सरांसारखा माणूस काहीतरी सावरासावर करेल, त्या काळाची पद्धत सांगेल, अशी मला मनातून आशा होती.

"हो," ते म्हणाले. "नेली असती."

मग त्यांनी काठी गवतात ठेवली, दोन्ही हात पुढे केले आणि छेवांगच्या पायांशी वाकले. मी सरांना कुणाच्या पाया पडताना कधी पाहिलं नव्हतं. पण तेरा हजार फुटांवर वाकायचं म्हणजे गंमत नव्हे. त्यांचा तोल गेला, गुडघा दुमडला, आणि म्हाताऱ्याला वाटलं, साहेबांना उंची लागली, विरळ हवा बाधली. त्याने एका झटक्यात त्यांना काखेत धरून उचललं, टोपलीत कोंबलं आणि पट्टा कपाळाला लावला.

"खाली! लगेच खाली!" तो पेमाला ओरडला.

"अहो थांबा! मला काही झालेलं नाही! मला नमस्कार करायचाय तुम्हाला!" सर टोपलीतून हातवारे करत होते. म्हाताऱ्याने ऐकलंच नाही. उंची लागलेली माणसं असंच काहीबाही बरळतात, हे त्याला ठाऊक होतं. तो भराभर उतरू लागला. मी काठी उचलली आणि त्यांच्या मागे धावले.

दहा-पंधरा पावलांनंतर सर एकदम गप्प झाले. मी घाबरून जवळ गेले, नाडी बघायला हात पुढे केला. त्या टोपलीत माणूस वाहणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसतो, तोंड मागे. वर चढताना सरांना फक्त दरी दिसली होती. आता सबंध उतार त्यांच्यासमोर होता, पादुकांनी भरलेला, हळूहळू वर वर जाणारा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"सरक गं पोरी," ते म्हणाले. "मध्ये येतेस."